टाकाऊ कोण ठरवतं? वाकळ, दांड आणि बोहारणीच्या निमित्ताने



गेल्या वर्षी कॉलेजात ‘टाकाऊतून टिकाऊ’ असं एक छोटं प्रदर्शन भरलं होतं, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. बाटल्यांना सुतळी गुंडाळून केलेले लॅम्प होते, जुन्या सीडींचं तोरण होतं, जीन्सच्या पिशव्या होत्या. मी उशांचे चार अभ्रे केले होते. कापड घरचंच. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरात माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे, तिच्यात एक जुनी वाकळ मिळाली. एका बाजूनं विरलेली, उंदरानं कोपरा कुरतडलेला. मी चांगला भाग बघून चार चौकोन कापले, मागं नवीन कापड जोडलं, झिप बसवली. दोन तासांत दोन अभ्रे विकले गेले. अडीचशे रुपयांना एक. सगळ्यांनी कौतुक केलं, मी खूश.

उरलेले दोन घरी नेऊन आईला दाखवले. तिनं हातात घेतले, उलटेसुलटे करून बघितले आणि एवढंच विचारलं, “ही आज्जीची शेवटची वाकळ की गं?” मग ती भांडी घासायला मोरीकडे गेली. भांडी आधीच घासून झाली होती.

हा लेख त्या एका प्रश्नातून आलाय. जुन्या घरगुती वस्तूंपासून शोभेच्या वस्तू करणं चांगलं की वाईट, असा वाद मला घालायचा नाही. मी स्वतः अजूनही त्या करते. पण आपल्या घरांत जुन्या वस्तूंचं काय होत आलंय, त्यासाठी आपल्या भाषेत कुठले शब्द आहेत आणि कात्री हातात घेण्याआधी काय बघायला हवं, हे मी गेल्या वर्षभरात थोडंफार शिकले. तेच इथं क्रमानं मांडते.

१. शब्दापासून सुरुवात

इंग्रजीत याला हल्ली अपसायकलिंग म्हणतात. शब्द तसा नवा आहे. १९९४ मध्ये रायनर पिल्झ या जर्मन अभियंत्यानं एका मुलाखतीत तो वापरला, अशी नोंद मिळते. त्यांचं म्हणणं साधं होतं. जुनं बांधकाम पाडलं की धड विटासुद्धा फोडून त्यांचा चुरा करतात आणि त्याला रिसायकलिंग म्हणतात. त्यात वस्तूची किंमत खाली येते. त्यांना हवं होतं याच्या उलट, जुन्या वस्तूची किंमत वाढवणारं काहीतरी. पुढं २००२ मध्ये विल्यम मॅकडोनो आणि मिखाएल ब्राउनगार्ट यांच्या ‘क्रेडल टू क्रेडल’ या पुस्तकामुळे हा विचार जगभर पोचला.

मराठीत आपण ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणतो. शाळेच्या कार्यानुभवाच्या तासापासून हा शब्दप्रयोग आपल्या कानावर आहे. पण भाषेचे विद्यार्थी म्हणून तो जरा सुटा करून बघूया. टाकणे, टिकणे या धातूंना ‘आऊ’ हा प्रत्यय लागून टाकाऊ, टिकाऊ असे शब्द झाले. विकाऊ, लढाऊ, जळाऊ हे त्याच घरचे. टिकाऊ म्हणजे जे टिकतं ते. हा वस्तूचा स्वतःचा गुण आहे, वापरून बघितला की कळतो. टाकाऊचं तसं नाही. टाकाऊ म्हणजे टाकण्याजोगं, आणि ‘टाकण्याजोगं’ हे कुणीतरी ठरवावं लागतं. वस्तू आपणहून टाकाऊ होत नाही.

याच कुळात आणखी एक शब्द आहे, ‘दिखाऊ’. प्रदर्शनातल्या कितीतरी वस्तू, माझे अभ्रे धरून, टाकाऊतून टिकाऊ नव्हत्याच. सुतळीच्या बाटलीवर आठवड्यात धूळ बसते आणि महिन्यात ती कचऱ्यात जाते. माझं तर गणितच उलटं झालं होतं. वाकळ मुळात टिकाऊ होती, मी तिची दिखाऊ केली.

२. एका लुगड्याचा प्रवास

आमच्या आज्जीच्या पिढीत ‘टाकाऊ’ या खणात पडण्याआधी कापडाला किती मुक्काम करावे लागत, ते बघण्यासारखं आहे. आई आणि आत्याला विचारून विचारून मी ही यादी केली.

नवं लुगडं आधी सणासुदीला. आमच्याकडे नाताळ, ईस्टर आणि गावच्या चर्चचं फेस्त. दोन-तीन वर्षांनी ते ‘रोजचं’ व्हायचं. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. ते सगळं एकसारखं विरत नाही. ज्या भागावर रोज बसणं-उठणं होतं तो आधी जातो, काठापदर शाबूत राहतो. मग विरलेला भाग कापून काढायचा आणि उरलेले दोन चांगले तुकडे जोडायचे. या जोडाला ‘दांड’ म्हणतात. काही घरांत दंड. दांड घातलेलं लुगडं नेसून शेतावर जायला कुणाला लाज वाटत नव्हती. जोड निऱ्यांत लपेल असा बसवणं ही मात्र हातोटी होती.

दांडाचं लुगडंही थकलं की त्याचे भाग वेगळे व्हायचे. बाळंतपण जवळ आलेल्या घरी मऊ तुकडे बाळोत्यांसाठी जायचे. नव्या कापडाला तो मऊपणा येत नाही. शंभर वेळा धुतलेलं सुती कापडच तान्ह्या अंगाला सोसतं. मोठे तुकडे वाकळेत. काठ कापून त्याच्या नाड्या. उरलं ते फडकं, मग पोतेरं, मग पायपुसणं. शेवटी चिंधी, आणि चिंधीचाही उपयोग होता: गरम भांडं उतरवायला, डब्याच्या सैल झाकणाला, भाजल्या-कापल्याला बांधायला, नाहीतर तेलात भिजवून काकड्याला.

मोजून बघा, दहाएक टप्पे आहेत, आणि प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र शब्द आहे. आज माझा कुर्ता दोन टप्प्यांत संपतो: घालते, आणि ‘जुना झाला’ म्हणून देऊन टाकते. मधले शब्द वापरातून गेले, कारण मधले टप्पेच राहिले नाहीत.

ठिगळाकडे आपण गरिबीची खूण म्हणून बघतो. “आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावणार?” या म्हणीतही ठिगळ हतबल आहे. पण मराठी मुलखात ठिगळाला दुसरा अर्थही आहे. गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक गोधडेबाबा, चिंधेबाबाही म्हणत. अंगावर ठिगळांचा कपडा आणि हातात मातीचं गाडगं. लोकांनी ज्या वस्तू अगदी शेवटच्या मानल्या, त्याच त्यांची ओळख झाल्या. बैरागी आणि नाथपंथी यांच्या कंथेचंही तसंच. ठिगळांचं वस्त्र हे तिथं विरक्तीचं वस्त्र आहे. म्हणजे तोच तुकडा एकीकडे नड सांगतो आणि दुसरीकडे निवड.

३. वाकळ, कौदी, कवंदी

जुन्या कापडांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्यानं शिवलेलं पांघरूण किंवा अंथरूण म्हणजे गोधडी. आमच्या बेळगाव भागात आणि दक्षिण महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात. शेजारच्या कन्नड घरात तीच कौदी. एकाच गल्लीत दोन घरांत दोन नावं, आणि टाका तोच. बंगालात कांथा, बिहारात सुजनी, जपानात बोरो. गरजेतून आलेली ही कला ठिकठिकाणी आहे. पण आपल्या अगदी जवळचं एक उदाहरण आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं, म्हणून त्यावर जरा थांबते.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत आणि आमच्या खानापूरच्या जंगलपट्ट्यातही सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. काही गुलाम म्हणून आणले गेले, काही पोर्तुगीजांच्या गोव्यातून निसटून घाटावरच्या रानात आले. त्यांच्यात कॅथलिक आहेत, मुसलमान आहेत, हिंदू आहेत. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. या समाजातल्या बायका जी ठिगळांची वाकळ शिवतात तिला ‘कवंदी’ किंवा ‘कवंद’ म्हणतात. हेन्री ड्रूअल या अमेरिकन कला-अभ्यासकानं त्यावर बरंच काम केलंय आणि या वाकळा परदेशात प्रदर्शनांतही गेल्या आहेत.

कवंदीची रीत अशी. खाली एक अख्खी जुनी साडी पसरायची. एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची. कडेकडेनं तुकडे ठेवत, त्यांच्या कडा आत दुमडत, धावदोरा घालत चारी बाजूंनी फिरत यायचं आणि फिरत फिरत मध्यभागी पोचायचं. आधी ठिगळांची चादर तयार करून ती मग खालच्या कापडाला जोडायची असं नाही. ठिगळ बसवणं आणि थर शिवणं एकाच टाक्यात होतं. त्यामुळे टाक्यांच्या रेषा चौकटीत चौकट अशा आत आत जाताना दिसतात. चार कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून केलेली त्रिकोणी ‘फुलं’ बसवतात. फुलं नसतील तर वाकळ नागडी, असं तिथं मानतात. कॅथलिक बायकांच्या काही कवंदींत क्रूस दिसतो, मुसलमान बायकांच्या काहींत चंद्रकोर.

इथं मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कोपऱ्यातल्या फुलानं ऊब वाढत नाही. तो शुद्ध शोभेचा भाग आहे, आणि तरी त्याच्याशिवाय वस्तू अपुरी. म्हणजे ‘उपयोगाची वस्तू’ आणि ‘शोभेची वस्तू’ अशी फाळणी आपण करतो, ती आज्ज्यांनी केलेली नव्हती. शोभा उपयोगाच्या कोपऱ्यात बसलेली होती.

४. बोहारीण : घरातली पहिली परीक्षक

घरातलं काय ठेवायचं आणि काय द्यायचं, याचा निर्णय पूर्वी एका बाईच्या समोर व्हायचा. ती म्हणजे बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं. जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात भांडं द्यायचं. दारातच बसून वाटाघाट. आई सांगते, पाच साड्या आणि दोन शर्ट दिले तर एक मध्यम पातेलं, आणि वर एक चमचा मागून घ्यायचा. बोहारीण प्रत्येक कपडा उजेडात धरायची, कॉलर उलटी करायची, खिशाच्या आत बोट घालून बघायची. काखेत विरलेला शर्ट ती बाजूला टाकायची. जरीचा काठ दिसला की मात्र तिचा चेहरा मुद्दाम कोरा व्हायचा, कारण जुन्या खऱ्या जरीत चांदी असते. जर जाळून चांदी काढून घेणारे व्यापारी असतात.

बोहारणीचा हा व्यवहार नीट बघा. तिच्यासाठी तुमचा ‘टाकाऊ’ शर्ट हा माल आहे. दुरुस्त होऊन तो जुन्या कपड्यांच्या बाजारात जाणार, कुणीतरी तो अंगावर घालणार. म्हणजे कपडा कपडाच राहतो. आम्ही त्याच शर्टाची कुंडीवरची झूल केली तर वस्तू ‘वाचवली’ असं म्हणतो. पण कुणाच्या तरी अंगावरचा एक शर्ट कमी झालेला असतो. शोभेची वस्तू करण्याआधी ‘ही वस्तू आहे तशीच कुणाला हवी आहे का?’ हा प्रश्न बोहारीण रोज विचारत होती. आपणही विचारायला हरकत नाही.

५. प्रत्यक्ष कृती : जुन्या साडीचं भिंतीवरचं वाकळचित्र

आता हातानं करायचा भाग. अभ्र्यांच्या प्रकरणानंतर आत्यानं मला मुळापासून शिकवलं. “कापायला कुणालाबी येतंय. जोडायला शिक की,” हे तिचं पहिलं वाक्य. मी जे केलं ते साधारण ६० सेंटीमीटर बाय ४५ सेंटीमीटरचं, भिंतीवर लावायचं छोटं वाकळचित्र. एवढ्या आकाराला रोज तासभर काम केलं तर दोन-तीन आठवडे लागतात.

कापड निवडणं. शक्यतो सगळं सुती घ्या. सुती आणि सिंथेटिक एकत्र शिवलं की धुतल्यावर एक आक्रसतं, दुसरं नाही, आणि मध्ये फुगे येतात. तुकडा खिडकीसमोर धरा. उजेड चाळणीसारखा आला तर तो भाग वरच्या थराला नको, आतल्या थराला चालेल. दोन्ही हातांनी हळू ताणून बघा. चर्र आवाज आला तर तो तुकडा फडक्यासाठी ठेवा.

नवं कापड जोडायचं असेल तर. तुकडे कमी पडले म्हणून दुकानातून नवं कापड आणलंत, तर ते आधी दोन-तीनदा धुऊन वाळवा. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि आटताना शेजारच्या जुन्या कापडाला ओढून फाडतं. नव्या कापडाचं ठिगळ जुन्या वस्त्राला लावू नये, हा येशूचा दृष्टान्त (मार्क, अध्याय २) मी धर्मशिक्षणाच्या वर्गात कितीदा ऐकला होता. त्याचा आध्यात्मिक अर्थ पाठ होता. तो शिवणकामातला अगदी रोकडा अनुभव आहे, हे माझ्या पहिल्या वाकळचित्राचा लाल तुकडा सुरकुतला तेव्हा कळलं.

रंगाची परीक्षा. गडद कापडावर पांढरं ओलं फडकं दाबून घासा. फडक्याला रंग लागला तर तो तुकडा पुन्हा पुन्हा धुऊन घ्या, नाहीतर पांढऱ्याशेजारी लावू नका.

थर. सर्वांत खाली एक अखंड तुकडा, चारी बाजूंनी तीन-तीन सेंटीमीटर जास्त. मध्ये एक किंवा दोन विरलेले थर. वर ठिगळं. तिन्ही थर सपाट फरशीवर पसरा, तळव्यानं मधून कडेकडे सुरकुत्या काढत जा आणि लांब कच्च्या टाक्यांनी तात्पुरते जोडून घ्या.

टाका. साधा धावदोरा. सुई थरांत सरळ उभी जायला हवी; तिरपी गेली तर वरून टाका छान दिसतो आणि खालचा थर सुटा राहतो. टाका साधारण तांदळाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत बोटभर अंतर. कवंदीसारखं कोपऱ्यातून सुरू करून आत या. दोरा दुहेरी घ्या, पण ओढून ताणू नका. ताणलेला दोरा कापडाला चुण्या पाडतो. आत्याचा नियम असा की दोरा हातभरापेक्षा लांब घ्यायचा नाही. लांब दोरा आळशाचा, असं ती म्हणते. गुंताही होतो आणि पुन्हा पुन्हा कापडातून गेल्यानं तो पिंजतोही.

कड आणि टांगणं. खालच्या कापडाची जास्तीची कड वर दुमडून शिवा. इरकल साडीचा काठ असेल तर तो इथं लावा. काठ घट्ट विणलेला असतो, तो सगळ्यात शेवटी विरतो. मागं वरच्या बाजूला कापडाची पोकळ पट्टी शिवून तिच्यात वेताची काठी घाला. खिळ्यानं थेट भिंतीला ठोकू नका, सगळं वजन दोन भोकांवर येऊन कापड तिथं फाटतं. आणि थेट उन्हात लावू नका. रंग तर उडतोच, धागाही कुजतो.

जाता जाता इरकलबद्दल एक. या साडीचं अंग आणि पदर यांचे ताणे वेगळे असतात आणि ते मागावरच फासे घालून एकमेकांत अडकवतात. याला ‘टोपी तेणी’ म्हणतात. म्हणजे जोड ही फक्त फाटल्यावर करायची गोष्ट नाही. आपल्या भागातली सगळ्यात ओळखीची साडी जन्मतःच जोडलेली आहे. बेळगावच्या शहापूर, वडगाव भागांत अजून माग चालतात. एकदा जाऊन बघा.

६. कापडापलीकडे

पितळी आणि तांब्याच्या भांड्यांना हल्ली दिवाणखान्यात मान आलाय. घंगाळात पाणी भरून फुलं, तांब्यात मनीप्लांट, बंबाचा लॅम्प. इथं नियम एकच: भोक पाडू नका. कुंडी करायची असेल तर आत प्लॅस्टिकची कुंडी ठेवा, लॅम्प करायचा तर वायर तोंडातून बाहेर काढा. भोक पाडलेलं घंगाळ पुन्हा घंगाळ होत नाही. चिंच किंवा लिंबू-मीठ लावून घासलं तर पितळ उजळतं. आतली कल्हई गेली असेल तर मात्र त्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नका. कथलाचा तो पातळ थर तेवढ्यासाठीच असतो.

गोव्यातल्या मित्रमैत्रिणींकडे याहून सुंदर उदाहरण आहे. काच महाग होती त्या काळात तिथल्या घरांच्या खिडक्यांना पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्यांची तावदानं बसवत. लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकेक शिंपला सरकवलेला. अशा मोडकळलेल्या खिडक्यांचे आता लॅम्प, पडदे, ट्रे करतात. दिव्यावर शिंपल्यातून येणारा मंद उजेड खरंच सुरेख दिसतो. पण ज्या घराची खिडकी अजून उभी आहे, तिथली खिडकी काढून ट्रे करणं म्हणजे मी वाकळेचं केलं तेच.

७. तीन प्रश्न

वर्षभराच्या खटाटोपातून माझ्यापुरते तीन प्रश्न हाती आले. कात्री, करवत किंवा ड्रिल हातात घेण्याआधी मी ते विचारते.

पहिला: ही वस्तू तिचं मूळ काम अजून करू शकते का? करत असेल, किंवा ठिगळ-दांड-कल्हईनं करू शकणार असेल, तर आधी दुरुस्ती.

दुसरा: मी जे करणार आहे ते उलटं फिरवता येईल का? टाका उसवता येतो. कात्री मागं घेता येत नाही.

तिसरा: ही वस्तू कुणाची आहे? ‘घरातच होती’ हे उत्तर नाही. माळ्यावरची ट्रंक सगळ्यांची असते, म्हणून ती एकट्या माझी नसते. मी आईला एका वाक्यानं विचारलं असतं तर तिनं दहा जुन्या साड्या काढून दिल्या असत्या. मी विचारलं नाही, कारण मला वाकळ आधीच टाकाऊ वाटली होती.

८. वाकळ उसवताना

शेवटी राहिलेली गोष्ट. वाकळेचा कापून उरलेला भाग मी तसाच दडवून ठेवला होता. डिसेंबरात आत्या गावाहून आली तेव्हा तिनं तो शोधून काढला. “काय करूलालीस गं ह्याचं?” तिनं विचारलं. मी काहीच बोलले नाही. मग त्या दोघी, आई आणि आत्या, व्हरांड्यात बसून त्याचे टाके उसवायला लागल्या. मीही बसले.

वर आज्जीचं हिरवं लुगडं होतं, ते मला माहीत होतं. त्याखालून बाबांच्या शाळेच्या खाकी चड्डीचा तुकडा निघाला. आत्याच्या पहिल्या कम्युनियनचा पांढरा फ्रॉक निघाला, बगळ्याच्या पिसासारखा विरलेला. त्याची लेस आज्जीनं काढली नव्हती, तशीच आत सपाट करून शिवली होती. एक काळा तुकडा निघाला. आजोबा गेल्यावर आज्जीनं नेसलेल्या साडीचा. सगळ्यात खाली मैद्याच्या पोत्याचं मांजरपाट, त्यावर अर्धी छपाई अजून वाचता येत होती. आत्या फ्रॉक हातात धरून बराच वेळ बसली. तिला तो हरवला असं वाटत होतं.

आमच्या घरात कुणी डायरी लिहिली नाही. आज्जीला सही करण्यापुरतं लिहिता यायचं. मी तीन वर्षं साहित्याचा अभ्यास करतेय, संहिता म्हणजे काय यावर उत्तरं लिहितेय, आणि घरातली एक संहिता मी न वाचता चार तुकड्यांत विकायला काढली. दोन चौकोन कुणाच्या तरी सोफ्यावर आहेत. ते घेणाऱ्यांना मी शोधायचा प्रयत्न केला. एक ताई सापडल्या, त्यांना सगळं सांगितलं, त्यांनी पैसे न घेता अभ्रा परत दिला. दुसरा मिळाला नाही.

मिळालेले तीन चौकोन आणि उरलेले थर यांची आम्ही तिघींनी मिळून पुन्हा एक वाकळ शिवली. ती पाळण्यात मावेल एवढीच झाली. फ्रॉकची लेस या वेळी वर घेतली. चौथ्या चौकोनाच्या जागी काय लावायचं यावर बरीच चर्चा झाली. मी माझ्या जुन्या कुर्त्याचा तुकडा सुचवला. आईनं तो उजेडात धरला, ताणून बघितला, म्हणाली, “चालतंय.” नवा नव्हता, तीन वर्षं धुतलेला होता. आटणार नाही.

मंडळासाठी एक उपक्रम

या अंकाच्या वाचकांना एक विनंती आहे. आपापल्या घरातली एकच जुनी वस्तू निवडा. ती वापरलेल्या माणसाशी बोला आणि तिच्या प्रवासाचे टप्पे त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. बेळगावात वाकळ म्हणतात, तुमच्याकडे काय म्हणतात? दांडाला काय म्हणतात? बोहारीण कुठली हाक देत यायची? दहा-पंधरा ओळी पुरेत. पुढच्या अंकासाठी आपण हे शब्द एकत्र करूया. वस्तूचा लॅम्प करायचाच असेल तर तो नंतरही करता येईल. शब्द मात्र सांगणारं माणूस आहे तोवरच मिळतील.